कर्ता ओळखा

‘‘देव आधी. देव उंबऱ्याच्या आत जाईपर्यंत ट्रकमधली सुतळीसुद्धा खाली उतरणार नाही,’’ मोठे भावोजी म्हणाले आणि नव्या घराच्या फाटकात दोन्ही हात पसरून उभे राहिले.

हमालांनी निम्मं बाहेर काढलेलं लोखंडी कपाट पुन्हा आत ढकललं. ट्रकवाला शिवाप्पा माझ्याकडे बघायला लागला. मी विलासकडे, म्हणजे माझ्या नवऱ्याकडे बघितलं. विलासनं आभाळाकडे बघितलं. थोरला भाऊ बोलायला लागला की विलासला नेहमीच आभाळात काहीतरी सापडायचं.

मोठे भावोजी म्हणजे माझे थोरले दीर, मधुकर खटावकर. सरकारी नोकरीत मोठ्या हुद्द्यावर होते, पुण्याला असत. त्या दिवशी पहाटेच्या गाडीनं ते सांगलीत उतरले ते पिशवीत पीतांबर घेऊनच. सामान बांधायला त्यांचा हात लागला नाही, पण बारीकसारीक सूचना मात्र सकाळपासून अखंड चालू होत्या. भांडी वर्तमानपत्रात गुंडाळा. आरसा आडवा नको. तुळशीचं रोप मांडीवर घ्या. आमच्या भाड्याच्या फ्लॅटमधून शेवटची गोणी उतरली तेव्हा त्यांनी आंघोळ करून पीतांबर नेसला, वर उपरणं घेतलं, आणि नव्या घराकडे निघाले.

‘‘घरातल्या कर्त्या पुरुषानं देव आत न्यायचे असतात,’’ त्यांनी शिवाप्पाला समजावलं. ‘‘कर्ता मी. म्हणजे देव मी नेणार. मग तुमचं कपाट.’’

‘‘न्या की सायेब, पर बिगीबिगी न्या,’’ शिवाप्पा म्हणाला. ‘‘मला फुडं यार्डात हळदीची पोती भरायची हाईत. मुकादम वाट बघतोय.’’

मला त्या दिवशी एकच गोष्ट हवी होती. देव मला माझ्या हातांनी आत न्यायचे होते.

असं हवं असणं कुणाला विचित्र वाटेल, म्हणून सांगते. हे घर मी बांधलं होतं. विलासचा पगार रोजच्या संसारात जिरायचा. घर उभं राहिलं ते माझ्या ‘कुमुद मोटर ड्रायव्हिंग स्कूल’वर. सांगलीत बायका स्कूटर चालवायलाही बिचकत होत्या, त्या काळात मी बायकांना चारचाकी शिकवायचे. कुणी गटारात गाडी घालायची, कुणी वळताना डोळे मिटायची. एकीनं तर थेट पोलीस चौकीच्या पायरीला नेऊन टेकवली होती. अशा सगळ्या बायकांच्या शेजारी बसून, जीव मुठीत धरून मी हा प्लॉट घेतला. मग सकाळच्या दोन शिकवण्यांच्या मधल्या वेळात येऊन भिंतींवर पाणी मारलं, सळ्या मोजल्या, गवंड्याशी भांडले आणि पुन्हा त्याची समजूतही काढली. या घराची वीट न् वीट मला ओळखत होती म्हटलं तरी चालेल.

विलासला मी आदल्या आठवड्यातच सांगून ठेवलं होतं. तो म्हणाला, ‘‘माझी ना नाही. पण दादाला वाईट वाटेल गं.’’ विलास स्वभावानं सोनं होता, पण सोनं भारीच मऊ.

आणि सासूबाई? त्यांच्या मनात काय होतं ते मला कधीच कळलं नव्हतं. त्या नगरपालिकेच्या शाळेत आयुष्यभर मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. बोलणं मोजकं. मी ड्रायव्हिंग स्कूल काढलं तेव्हा साऱ्या नातेवाइकांनी नाकं मुरडली. सासूबाईंनी मुरडलं नाही की कौतुकही केलं नाही. पाटी रंगवणारा आला तेव्हा तेवढ्या त्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, ‘‘कुमुद लिहिताना दुसरा उकार नको, पहिला. पुसा ते.’’ घर बांधत होते तेव्हा दर रविवारी त्या छत्री घेऊन यायच्या, वाळूच्या ढिगाजवळ बसायच्या, सगळं बघायच्या आणि परत जायच्या. बरं झालंय, वाईट झालंय, अवाक्षर नाही. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून शाबासकीचा एक शब्द मी ऐकला नव्हता, आणि खरं सांगायचं तर तो ऐकायची मला भयंकर आस होती. देव आत न्यायचे होते ते एकापरीनं त्यांच्यासमोर न्यायचे होते.

त्या आत्ताही शेजारच्या प्लॉटवरच्या शेवग्याखाली खुर्ची टाकून बसल्या होत्या. ती खुर्ची तेवढी भावोजींच्या परवानगीनं खाली उतरली होती.

‘‘देवांचं खोकं आणा,’’ भावोजींनी हाक दिली.

हमालानं ट्रकच्या केबिनमधून एक खोकं काढलं. त्याच्यावर सासूबाईंच्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं, ‘देव’. भावोजींनी डोळे मिटले, खोकं मस्तकावर घेतलं आणि तोंडानं काहीतरी पुटपुटत फाटकातून आत पाऊल टाकलं. हमालांनी पायांतल्या चपला काढल्या. शिवाप्पानं डोक्याला गुंडाळलेला टॉवेल सोडला. मी तोंड दुसरीकडे फिरवलं.

तेवढ्यात खोक्यातून खळ्ळ असा आवाज आला.

‘‘मधू, थांब,’’ सासूबाई म्हणाल्या. ‘‘आपले देव वाजत नाहीत. मी एकेकाला फडक्यात गुंडाळलंय. खाली घे बरं.’’

भावोजींनी खोकं खाली घेऊन दोरी सोडली. आत एक पुरणयंत्र होतं, चकलीचा सोऱ्या होता आणि दोन मोठे झारे होते.

मग सासूबाई खुर्चीतून उठून जवळ आल्या, आत डोकावल्या आणि शांतपणे म्हणाल्या, ‘‘हे तर देवांचं पुरणयंत्र.’’

‘‘देवांना पुरणयंत्र कशाला लागतं?’’ भावोजी ओरडले.

‘‘अरे देवांचं. पहिल्या मजल्यावरच्या देवांचं. होळीला आणलं होतं.’’

‘‘मग आपले देव कुठं आहेत?’’

‘‘देवांकडे,’’ सासूबाई म्हणाल्या.

मला हसू फुटलं. विलासलाही फुटलं. भावोजी पुरणयंत्र हातात धरून आळीपाळीनं आम्हा सगळ्यांकडे बघत राहिले.

झालं होतं ते असं. सामान बांधताना सासूबाईंनी प्रत्येक खोक्यावर आत काय आहे ते लिहिलं होतं. डाळी, पुस्तकं, स्वेटर. शिवाय शेजाऱ्यांकडून वेळोवेळी आणलेल्या आणि परत द्यायच्या राहिलेल्या वस्तूंचं ज्याचं त्याचं खोकं करून त्यावर त्या त्या घराचं आडनाव घातलं होतं. शहा, पाटील, देव. मी हमालांना बजावलं होतं, आडनावाचं खोकं दिसलं की ते ट्रकमध्ये न घालता त्या दारात द्यायचं. देव नावाची दोन खोकी होती. त्यातलं एक त्यांनी इमानेइतबारे पहिल्या मजल्यावर पोचवलं आणि दुसरं माना तुकवत केबिनमध्ये ठेवलं.

‘‘आई, तू दोन्हीकडे एकच कसं लिहिलंस?’’ भावोजींनी विचारलं.

‘‘शुद्धलेखनाची चूक नाही त्यात,’’ सासूबाई म्हणाल्या आणि परत शेवग्याखाली जाऊन बसल्या.

‘‘आता फोन लावा देवांना,’’ विलासनं सुचवलं. त्या वेळी आमच्यात मोबाइल फक्त भावोजींकडे होता. त्यांनी तो कमरेच्या पट्ट्यातून काढला, कानाला लावला, डोक्यावर धरला, रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन आले. पण त्या माळावर तेव्हा नुसता वारा होता, रेंज नव्हती.

शिवाप्पानं कपाळावर हात मारून घेतला. ‘‘ताई, आसं करा. मी समदं हितंच रस्त्याकडंला उतरवून जातो.’’

‘‘रस्त्यावर संसार मांडायचा नाही,’’ भावोजी कडाडले.

‘‘विलास, ह्यांना चहा दे, भजी दे, जे मागतील ते दे,’’ मी म्हणाले. ‘‘शिवाप्पा, तासाभराची कळ काढा. मी गाडी काढते. जाऊन घेऊन येते.’’

‘‘तू एकटी कशी आणणार? मी येतो,’’ भावोजी म्हणाले. ‘‘देवांना हात कर्त्यानंच लावायचा.’’

गाडी म्हणजे माझी शिकवणीची मारुती. पुढे-मागे लाल ‘एल’, डोक्यावर स्कूलची पाटी, आणि डावीकडे शिकवणाऱ्यासाठी वेगळा ब्रेक आणि क्लच. भावोजी पीतांबर सावरत डावीकडे बसले. त्यांच्या पायाशी काय आहे हे सांगायचं त्या गडबडीत माझ्या लक्षात आलं नाही.

पहिल्या वळणावर समोरून सायकल आली. मी सहज बाजूनं काढणार, तोच गाडी जागच्या जागी गचका खाऊन बंद पडली.

‘‘काय झालं?’’ भावोजी म्हणाले.

‘‘तुम्ही ब्रेक दाबलात.’’

‘‘मी कुठं? मी नुसते पाय रोवले.’’

पुढे कुपवाड रस्त्याला एक म्हैस दिसली. ती अजून बरीच लांब होती. भावोजींनी पुन्हा पाय रोवले. मागच्या रिक्षावाल्यानं आमच्या दोघांच्या आईवडिलांची आठवण काढली. चौकात तर त्यांनी क्लच आणि ब्रेक दोन्हीवर जोर दिला आणि वर मलाच म्हणाले, ‘‘कुमुद, तुझी गाडी जरा दमदार घ्यायला हवी होती.’’

‘‘भावोजी,’’ मी शिकवणीच्या आवाजात म्हणाले, ‘‘पाय वर घ्या. मांडी घाला.’’

‘‘काय?’’

‘‘मांडी घाला. नाहीतर आपण संध्याकाळपर्यंत पोचत नाही.’’

त्या आवाजापुढे भल्याभल्या बायकांनी शरणागती पत्करलेली होती. भावोजींनी निमूट मांडी घातली. पीतांबर नेसलेला, उपरणं घेतलेला गृहस्थ गाडीच्या डोक्यावरच्या पाटीखाली पुढच्या सीटवर मांडी घालून बसलेला बघून विश्रामबागेतल्या सिग्नलवर दोघाजणांनी चक्क नमस्कार केला.

मग गाडी सुरळीत चालली आणि मी तोंड उघडलं.

‘‘भावोजी, एक विचारू? देव मी आत नेले तर?’’

ते रागावतील असं वाटलं होतं. रागावले नाहीत.

‘‘कुमुद, तुझं कौतुक मला नाही असं समजू नकोस. पुण्यात सांगतो मी सगळ्यांना. पण रीत ती रीत. बाबा गेले तेव्हा मी कॉलेजात होतो. कॉलेज सोडून नोकरी धरली. विलासचं शिक्षण, आईची दुखणीखुपणी, सगळं अंगावर घेतलं. बाबांच्या दिवसांत सगळ्या काकांनी मला पाटावर बसवलं आणि सांगितलं, आजपासून घरचा कर्ता तू. तेव्हापासून ते ओझं मी कधी खाली ठेवलं नाही. आज एवढ्यासाठी पुण्याहून आलो.’’

हे खरंच होतं. विलास शिकला तो त्यांच्यामुळे, आणि ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं. वाईट माणूस असता तर मी भांडले असते. पण असल्या माणसापुढे काय बोलणार? मी गिअर बदलला आणि मला स्वतःचाच राग आला.

आमच्या जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर देवांचं दार सताड उघडं होतं आणि आतून उदबत्तीचा वास येत होता. देवकाका सोवळं नेसून दारातच आले. त्यांचे डोळे भरून आले होते.

‘‘या कुमुदताई, या! केवढा विश्वास टाकलात आमच्यावर!’’

‘‘काका, अहो ते खोकं—’’

‘‘उघडलं आणि मी थरारलो. म्हटलं, वरच्या बिऱ्हाडानं जाताना आपले देव आमच्या स्वाधीन केले! तुम्ही पुढारलेल्या बाई, गाड्या शिकवता. नव्या घरात देवघर ठेवायचं नसेल, म्हणून आमच्यासारख्या भाविकांकडे पाठवले असतील. लगेच आंघोळ केली, अभिषेक केला, चौरंगावर मांडले.’’

‘‘काका, गाडी शिकवणाऱ्या बाईला देव सगळ्यात जास्त लागतो,’’ मी म्हणाले. ‘‘शेजारी बसलेली बाई कुठं वळणार आहे ते त्यालाच ठाऊक असतं.’’

खोक्यांची अदलाबदल समजावून सांगितल्यावर देवकाकांचा चेहरा पार उतरला. पण माणूस सज्जन. म्हणाले, ‘‘तुमचे देव तुम्ही न्या. आमचं पुरणयंत्र सावकाश द्या.’’

भावोजी चौरंगाकडे वळले, तर स्वयंपाकघरातून देवकाकू धावत आल्या. त्यांच्या हातात उलथणं होतं. ‘‘अहो, हात लावू नका! पूजा झालीय, नैवेद्य व्हायचाय. देवाला उपाशी उठवतात का कुणी? सांजा चढवलाय. आत्ता होईल.’’

रीत त्यांच्याच गळ्यात येऊन पडली होती. ते पाटावर बसले. मी दारात उभी राहून ट्रकमधल्या माझ्या संसाराचा, भजी खाणाऱ्या हमालांचा आणि हळदीच्या मुकादमाचा विचार करत राहिले. सांजा शिजायला जेवढा वेळ लागतो त्याच्या दुप्पट तरी त्या दिवशी लागला.

देवकाका गप्पा मारायला बसले. ‘‘घर फार छान झालंय म्हणतात. कुणी बांधलं?’’

‘‘आम्हीच की,’’ भावोजी म्हणाले. ‘‘उभं राहून बांधून घेतलं.’’

भावोजी त्या घराकडे याआधी एकदाच आले होते, पायाभरणीला. नारळ फोडला होता आणि जिना उजवीकडून घ्या म्हणून सांगून गेले होते. त्यांच्या मनात खोट नव्हती. ‘आम्ही’ म्हणताना त्यांना सगळं घराणंच म्हणायचं होतं, हे मला कळत होतं. तरी तो ‘आम्ही’ माझ्या जिव्हारी लागला. मी असं एकही वाक्य कधी कुणासमोर म्हटलं नव्हतं. मी म्हणायचे, ‘घर होतंय.’ जसं काही ते आपोआप जमिनीतून उगवत होतं.

नैवेद्य झाला, आरती झाली, सांजा आमच्याही हातावर पडला. भावोजींनी एकेक मूर्ती फडक्यात गुंडाळून खोक्यात ठेवली. परतताना ते आपणहून मागच्या सीटवर बसले, खोकं मांडीवर घेऊन. गाडी एकदाही बंद पडली नाही.

नव्या घरापाशी पोचलो तर तिथं जत्रा भरली होती. हमाल आमच्याच गाद्या ट्रकच्या फाळक्यावर टाकून पहुडले होते. शिवाप्पा इंजिन चालू करून केबिनमध्ये बसला होता आणि विलास खाली उभा राहून त्याला घट्ट धरल्यासारखा खिडकीला लटकला होता. माझ्या दोन विद्यार्थिनी मदतीला म्हणून आल्या होत्या आणि काहीच उतरवायचं नाही म्हटल्यावर तिथंच गप्पा हाणत होत्या. कॉलनीतली चार माणसं, त्यांची पोरं, दोन कुत्री. आणि शेवग्याखाली सासूबाई, ताठ बसलेल्या.

भावोजी खाली उतरले. उपरणं नीट केलं, खोकं मस्तकावर घेतलं. सगळे उठून उभे राहिले. मी गाडीचं दार लावलं आणि तिथंच टेकून उभी राहिले. होऊन जाऊ दे, असं मनाला बजावलं. घर आपलंच आहे, देव कुणी का नेईना. पण मनाला बजावून ते ऐकत असतं तर काय हवं होतं.

‘‘मधू, थांब,’’ सासूबाई म्हणाल्या.

‘‘आई, या वेळी बरोबर आहेत. बघितलेत मी.’’

‘‘देव बरोबर आहेत. मी एक वाक्य सांगते. त्यातला कर्ता ओळख.’’

भावोजी खोकं डोक्यावर धरून मागे वळले. ‘‘काय?’’

‘‘कुमुदने घर बांधले,’’ सासूबाई फळ्यावर लिहावं तसं एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या. ‘‘कर्ता ओळख.’’

विलासनं खिडकी सोडली.

‘‘आई, ही काय वेळ आहे का व्याकरणाची?’’

‘‘चौथीत पटकन सांगायचास. आता साठी जवळ आली. ओळख.’’

भावोजी आईच्याच शाळेत शिकलेले आणि व्याकरणात कायम पहिले. ते गांगरले, पण हार मानेनात. डोक्यावरचं खोकं सावरत म्हणाले, ‘‘कुमुद. पण आई, क्रियापद तिच्याप्रमाणे चालत नाही. घर बांधले. घर नपुंसकलिंगी, म्हणून बांधले. क्रियापद कर्माप्रमाणे चालतं. हा कर्मणी प्रयोग झाला.’’

‘‘बरोबर,’’ सासूबाई म्हणाल्या. ‘‘दहापैकी दहा. पण प्रयोग कुठलाही असो, कर्ता बदलतो का?’’

भावोजींनी फाटकाकडे बघितलं.

‘‘बदलतो का, मधू?’’

‘‘नाही.’’

सासूबाई खुर्चीतून उठल्या. हळूहळू चालत त्यांच्यासमोर आल्या. आवाज एकदम खाली आला, पण आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होता.

‘‘तुझे बाबा गेले तेव्हा तू हे घराणं तारलंस. मधूने घर सावरले. त्या वाक्यातला कर्ता तू, आणि मी असेपर्यंत ते कुणी खोडणार नाही. हे वाक्य वेगळं आहे, बाळा. मी दर रविवारी इथं येऊन बसले आहे. हिनं काय केलंय ते मी बघितलंय. ज्यानं केलं तो कर्ता, एवढंच मी साऱ्या जन्मात पोरांना शिकवलं. आता माझ्याच घरात ते चुकीचं कसं होऊ देऊ?’’

त्या छत्री घेऊन बसायच्या तेव्हा काय बघायच्या, ते मला त्या क्षणी कळलं. मी उन्हात उभी असायचे आणि त्या माझ्याकडे बघत असायच्या.

मग भावोजींनी खोकं डोक्यावरून खाली घेतलं आणि माझ्याकडे आले. चेहरा पडला नव्हता. उलट काहीतरी सुटलेलं गणित समोर दिसावं तसा झाला होता. ‘‘हात पुढे कर,’’ म्हणाले. मी केले. खोकं माझ्या हातात देऊन त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि त्याची चुंबळ करून माझ्या डोक्यावर ठेवली. ‘‘डोक्यावर घे. डुगडुगू देऊ नकोस. आणि उजवा पाय आधी.’’

‘‘मांडी घालू का?’’ मी म्हणाले.

भावोजी पोट धरून हसले. मला मात्र हसता हसता रडू आवरेना.

मी देव डोक्यावर घेतले आणि चालायला लागले. फाटक, अंगण, दोन पायऱ्या. मागे शिवाप्पानं इंजिन बंद केलं होतं. गाडीचं चाक हातात धरून माझं उभं आयुष्य गेलं असेल, पण आपण कुठं चाललो आहोत हे इतकं नक्की मला कधी ठाऊक नव्हतं. उंबरा ओलांडला तेव्हा छाती अशी भरून आली की क्षणभर मला वाटलं, दाराला मीच मोठी झाले आहे. देवघराच्या कोनाड्यात खोकं ठेवलं आणि हात जोडले. काही मागायचं सुचलंच नाही.

मग एकदम बांध फुटला. कपाट आलं, गाद्या आल्या, पिंपं आली, पुस्तकं आली. शिवाप्पा स्वतः पाठीवर ट्रंका घेऊन धावत होता. पीतांबराचा काचा मारून भावोजी शिलाईच्या मशिनचं एक टोक उचलत होते आणि दुसऱ्या टोकाला असलेल्या विलासला रागावत होते. माझ्या विद्यार्थिनींनी डाळींची खोकी बाथरूममध्ये आणि बादल्या स्वयंपाकघरात नेऊन ठेवल्या. कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नव्हता आणि मला सगळ्याचं कौतुकच वाटत होतं.

मी सतरंजी अंथरायला पुढच्या खोलीत आले तेव्हा खिडकीबाहेर बोलणं ऐकू आलं. सासूबाई हमालांची वर्दळ कमी व्हायची वाट बघत अजून अंगणातच होत्या. समोरच्या घरातली एक बाई पाण्याची कळशी घेऊन आली होती, नव्या शेजाराची चौकशी करायला.

‘‘मुलाचं घर होय आजी?’’ ती विचारत होती. ‘‘तुम्ही मुलाकडं असता का?’’

‘‘नाही,’’ सासूबाई म्हणाल्या. ‘‘मी सुनेकडे असते.’’

ती बाई गोंधळली असावी. ‘‘मुलगा नाही का?’’

‘‘आहेत की, दोन आहेत. दोघंही गुणी आहेत. ते बघा, मशीन उचलतायत.’’

‘‘मग...’’

बाईच्या ध्यानात येत नाहीसं बघून सासूबाईंनी घसा साफ केला, आणि शेवटच्या बाकावरच्या पोरालाही ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा सांगितलं, ‘‘घर सुनेचं आहे. मी सुनेकडे राहते.’’